दुसरा गठ्ठा

अरुणाताईंनी जेवणाच्या टेबलावर दोन उत्तरपत्रिका शेजारी शेजारी उघडल्या आणि चष्म्यावरून श्यामकांतकडे पाहिलं.

"वाचा. दोन्ही उत्तरं एकाच गाइडमधून घोकलीत. शब्द न् शब्द तोच. इथे तुम्ही वीसपैकी बारा दिलेत, इथे सात."

श्यामकांतने वाचलं. नव्या आर्थिक धोरणाचे फायदे आणि तोटे. बारा आणि सात, दोन्ही आकडे त्याच्याच अक्षरात होते.

फरीदाबादच्या कॉलेजातला तो साधा लेक्चरर. ना कधी पुस्तक लिहिलं, ना परदेशी गेला. पण विद्यापीठाचे पेपर तपासताना त्याच्या गठ्ठ्याला मुख्य परीक्षकांना, म्हणजे अरुणाताईंना, कधी हात लावावा लागला नव्हता. एवढीच काय ती त्याची मिजास.

"पहिला गठ्ठा बिल्कुल ठीक आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यात निम्मे नापास. मध्ये झालं काय?"

"मध्ये प्रभा वारली."

बसचा नंबर सांगावा तसं त्याने सांगितलं. अरुणाताईंनी चष्मा काढला.

"अहो, बायको गेली आणि कळवायचं नाही?"

"कळवलं असतं तर तुम्ही पेपर परत मागवले असते. मग दिवसभर घरात करायचं काय?"

 चष्मा पुसून परत लावत त्या म्हणाल्या, "असं करू या, दुसऱ्या गठ्ठ्यात सरसकट पाच-पाच वाढवून टाकू. उद्या मार्क द्यायचेत."

"नको. कुणाचे दोन गेले असतील, कुणाचे दहा. मी परत वाचतो."

"या अवस्थेत?"

"अवस्था माझी आहे, ताई. नापास ती मुलं झालीत."

दिल्लीत आर. के. पुरमला अरुणाताईंचं सरकारी क्वार्टर होतं, तिथेच तो पंख्याखाली वाचत बसला. पहिल्या गठ्ठ्यातल्या पाच-सहा उत्तरपत्रिका समोर पसरल्या आणि दुसऱ्यातली एकेक त्यांच्याशी ताडून पाहू लागला. चांगलं उत्तर कुठलं हे कळत होतं, फक्त आवडत नव्हतं. अर्धा गठ्ठा संपला तरी आत काही हललं नाही.

मग हिंदीतली एक उत्तरपत्रिका आली. लिहिणाऱ्या मुलाच्या वडिलांचं लेथचं वर्कशॉप बंद पडलं होतं आणि भावाला गुडगावात विदेशी कंपनीत नोकरी लागली होती. पुढे लिहिलं होतं, 'हमारे घर में नफ़ा और नुकसान एक ही कमरे में सोते हैं.' याला त्याने सहा दिले होते.

उत्तरपत्रिका घेऊन तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. असं काही सापडलं की प्रभाला वाचून दाखवायचं, ही त्याच्या घरची पद्धत होती. तिला अर्थशास्त्रातलं काही कळत नसे, पोळ्या लाटता लाटता ती ऐकायची.

आत अरुणाताई चहा गाळत होत्या. "काही हवंय का?"

त्याने हातातली उत्तरपत्रिका मिटली.

"नाही," तो म्हणाला. "एकाचे मार्क वाढतायत."

परत येऊन त्याने सहा खोडले, सोळा लिहिले. खोडलेल्या आकड्याशेजारी परीक्षकाने सही करायची असते. ती करायला त्याला जरा वेळ लागला.