गंधकाचं पाणी

जॉर्जिया म्हणजे अमेरिकेतलं नव्हे, रशियाच्या खालचं. हे आमच्या तेरखेड्यात इतक्या जणांना सांगावं लागलं, की शेवटी मी अंगणवाडीच्या भिंतीवर नकाशाच लावला. आमची अक्षदा तिथल्या कुतैसी गावात सहा वर्षं शिकून डॉक्टर झाली आणि पदवीच्या समारंभाला तिनं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. समारंभ झाला, फोटो झाले, आणि दुसऱ्या दिवशी पोरीनं आम्हाला राजधानीच्या गाडीत बसवून दिलं.

"दोन दिवस तिबिलिसी बघून या. मी येत नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, दोघंच असे कधी कुठं गेलात का?"

खरं होतं. तुळजापूरला निघालो तरी जीपमध्ये अकरा माणसं असायची.

मला ही संधी हवीच होती. सव्वीस वर्षांपूर्वी बोललेला एक शब्द मला परत घ्यायचा होता, आणि भरल्या घरात ते काही जमत नव्हतं.

आमचे हे, भागवतराव, फटाके बनवतात. तेरखेडा फटाक्यांचंच गाव, गावाबाहेर आमचाही लहानसा कारखाना आहे. सोरा, कोळसा आणि गंधक मिसळायचं काम हे कुणावर सोपवत नाहीत. मी माहेरची ईट गावची. आमच्या घरी दूध, खवा, तूप, असले वास. लग्नाच्या चौथ्या दिवशी हे कारखान्यावरून आले, पाण्याचा तांब्या घ्यायला माझ्याजवळ आले, आणि सासूबाई, नणंदा सगळ्यांसमोर मी म्हणाले, "किती घाण वास येतोय तुमच्या अंगाला!" जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला तर लगामही नव्हता. नणंदा हसल्या. हे आल्या पावली मागं फिरले.

दुसऱ्या दिवसापासून यांनी कारखान्याच्या हौदावर अंघोळ करून, कपडे बदलूनच घरात पाऊल टाकायला सुरुवात केली. थंडी असो, ताप असो. आधी मला बरं वाटलं. मग वाईट वाटू लागलं. मग रोज संध्याकाळी ओल्या केसांनी दारात उभा राहिलेला हा माणूस बघितला, की मी नजर चुकवून चुलीकडं वळायचे. या प्रवासाला निघण्याआधी तर यांनी दहा दिवस कारखान्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं, तरी वजरीनं हात घासघासून लाल केले. विमानात बसल्यावर हळूच विचारलं, "वास येत न्हाय नं?" मला रडूच आलं असतं. खिडकीचं निमित्त करून तोंड फिरवलं.

तिबिलिसी गाव देखणं आहे. नदीच्या कड्यावर घरं, घरांना लाकडी नक्षीचे सज्जे, गल्ल्या चढत्या. यांना सज्ज्यांपेक्षा ते सुतारकाम आवडलं. बोलत बोलत आम्ही जुन्या भागात उतरलो आणि हे एकदम थांबले. माझा दंड घट्ट धरला.

"वास आला का?"

आला होता. फटाक्याच्या जळालेल्या दारूवर पाणी ओतल्यावर येतो तो, सडक्या अंड्याचा. तेरखेड्याच्या माणसाला हा वास आला, की एकच अर्थ कळतो: कुठंतरी आत्ताच आग विझवली आहे. समोर विटांचे ठेंगणे घुमट होते, वर छोटी धुराडी, आणि भिंतीला टेकून एक म्हातारा सिगारेट पेटवत होता. हे धावले. त्याच्यापुढं हात जोडून म्हणाले, "बाबा, इझवा ती! हितं दारूचं काम चाललंय!"

म्हाताऱ्याला मराठी कुठून कळणार? पण जोडलेले हात कळले. त्यानं सिगारेट खाली टाकून पायानं चिरडली, घुमटांकडं बोट दाखवलं आणि काखेत साबण लावल्यासारखं करून दाखवलं. मग खो खो हसला.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. अक्षदानं फोनवर पत्ता देऊन तासाभरासाठी खोली ठरवली होती, ती हीच. जमिनीतून येणारं गंधकाचं गरम पाणी, आणि त्यात बसायला जगभरातून माणसं येतात.

"ह्या वासात पैसं देऊन बसत्यात?" यांना काही केल्या पटेना.

आत खोलीभर वाफ, मधोमध पाण्याचा हौद. मी मॅक्सीत, हे अर्ध्या चड्डीत, दोघंही नव्या नवरानवरीसारखे लाजलेले. गळ्यापर्यंत पाण्यात बसलो. गुडघे निवले. मग मीच सुरुवात केली.

"अहो, लग्नाच्या चौथ्या दिवशी म्या तुमाला सगळ्यांच्या म्होरं बोलले व्हते. वासावरनं. लई चुकलं माझं. मनातून जातच न्हाय."

"कवा?" हे म्हणाले. "मला तर आठवत बी न्हाय."

"मग रोज हौदावर कशापायी धुता?"

"घरात चूल व्हती की. दारूच्या कपड्यांनी घरात यायचं, एखादी ठिणगी उडाली म्हंजी? तू चुलीपाशीच असायचीस."

"अन् इमानात इचारलं ते?"

"उतरल्यावर तितल्या तपासायच्या मशिनीला दारू कळती म्हनं. धरून ठेवलं असतं मला!"

मी आधी थक्क झाले, मग भडकले. सव्वीस वर्षं मी आतल्या आत जळत राहिले, आणि या माणसाला आठवतसुद्धा नाही! ओंजळभर पाणी तोंडावर मारलं यांच्या. यांनीही मारलं. मग इतके हसलो, की बाहेरून तिथल्या बाईनं दार वाजवलं. छातीवरचा धोंडा उतरला होता. खूप सुखात होते मी.

संध्याकाळी किल्ल्यावर जाणाऱ्या रोपवेच्या काचेच्या पाळण्यात बसलो. खाली नदी, वर ऊन. आमच्या दोघांच्या अंगाला गंधकाचा वास येत होता, चांगला दणदणीत. समोर एक नटलेली तरुण पोरगी नवऱ्याबरोबर बसली होती. तिनं आमच्याकडं बघितलं आणि गळ्यातला स्कार्फ उचलून नाकाला लावला.

यांना हसू आलं. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बघ, हुबेहूब! तू बी असाच डाव्या हातानं पदर लावला व्हतास नाकाला."

पदराचं मी स्वतःच विसरले होते. हौदात बोलतानाही त्याचं नाव काढलं नव्हतं.

मी यांच्याकडं बघितलं. काय बोलून गेलो हे यांच्याही ध्यानात आलं. मान वळवून हे नदीकडं बघू लागले आणि बाकावर हळूच वीतभर बाजूला सरकले, रोजच्या सवयीनं.

मी ती वीत भरून काढली. चारचौघांत, भरल्या पाळण्यात, यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि छाती भरून श्वास घेतला. गावात माझी ही हिंमत झाली नसती.

"वास येतोय न्हवं?" यांनी नदीकडं बघतच विचारलं.

"येतोय," मी म्हणाले. "सरकू नका."