नऊ गुणांची सोंगटी

मी एक सोंगटी बोलतेय. मुलांच्या खेळातली नव्हे, युद्धाच्या टेबलावरची. माझा आवाज कापरा वाटला तर सांभाळून घ्या. काहीजण जन्मतःच भित्रे असतात, त्यांतली मी. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसं माझ्यामागे आयुष्यभर काही ना काही लागलेलंच होतं.

माझा जन्म एका मोडक्या खाटेच्या पायातून झाला. सुताराने तो पाय शिकंज्यात आवळला आणि बारीक करवतीने त्याच्या चकत्या पाडायला सुरुवात केली. करवत जवळ येताना ऐकू येते, आणि पळायला तर पाय नाहीत! म्हणजे पाय मीच, पण काय उपयोग? वरच्या निम्म्या चकत्यांना त्याने निळा रंग दिला, खालच्या निम्म्यांना तांबडा. निळे आपले, तांबडे शत्रूचे. माझ्या लगतची चकती तांबड्यात गेली. आम्हा दोघींच्या अंगावर एकाच गाठीची अर्धी अर्धी खूण होती. काल एका खाटेखाली उभ्या होतो, आज एकमेकींच्या वैरी. सुतार मात्र मजेत होता. तो म्हणाला, “तांबडा रंग चांगला बसतो हं या लाकडावर.”

तिथून मी एका कापडाच्या जुन्या गोदामात आले. वरच्या मजल्यावर लांबलचक टेबल, त्यावर चिकटवलेला नकाशा, आणि भोवती उभी असलेली मोठी माणसं. खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. नकाशावर चहाच्या पेल्यांचे डाग पडलेले. एका नव्या अधिकाऱ्याने तर एका डागाला तळं समजून विचारलं, “इथे पाणी किती खोल आहे?” सगळे हसले. त्या खोलीत माणसं बरीच हसायची. मला त्या हसण्याचीसुद्धा भीती वाटायची.

त्या टेबलावर मी म्हणजे एक अख्खी पलटण. एक बाई कानाला फोन लावून बसायच्या आणि हातातल्या लांब काठीने आम्हाला पुढेमागे सरकवायच्या. तिकडे पलटण चालली की इकडे मी सरकायचे. पलटण संपली की सोंगटी उचलून बिस्किटांच्या डब्यात टाकायची, असा तिथला रिवाज. त्या डब्यात पडलेल्या लाकडाचा खडखडाट झाला की मी टेबलावर उरलेल्या सोंगट्या मोजायचे.

आम्हाला गुण द्यायचं काम मास्तरांकडे होतं. युद्धाआधी ते शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. लढाई झाली की ते हिशेब मांडायचे. कोणाची किती माणसं पडली, कोण खंदकात होतं, कोण उघड्यावर होतं, तोफा कोणाकडे जास्त होत्या. खंदकाचा फायदा वजा करायचा, तोफांचा वजा करायचा, मग उरते ती शिपायाची खरी किंमत. दहापैकी गुण. कोणत्या सैन्याचा माणूस सरस, ते मास्तर असं काढायचे आणि बारीक कुंचल्याने आमच्या डोक्यावर आकडा लिहायचे. बहुतेक निळ्यांना पाच-सहा मिळाले. तांबड्यांना चार, कारण मागच्याच महिन्यात ते दरीतल्या लढाईत पळाले होते.

मला मिळाले नऊ. सगळ्या टेबलावर नऊ फक्त माझ्या डोक्यावर. बाकीच्या सोंगट्या माझ्याकडे हेव्याने बघत असतील. मी मात्र थरथरत होते. उंच झाडालाच वारा आधी झोडपतो.

मला इतके गुण का मिळाले, ते कळायला वेळ लागला नाही. एका दुपारी माझ्या पलटणीचा कप्तान काही कागद घेऊन गोदामात आला. चिखलाने बरबटलेले बूट दाराशी पुसून तो आत आला आणि मास्तरांना म्हणाला, “दादा.” तो त्यांचा धाकटा भाऊ होता.

त्याने मला उचलून तळहातावर घेतलं. तळवा घामाने ओला होता.

“ही आमची पलटण? एवढी माणसं एवढ्याशा लाकडात मावली कशी रे?”

“आकडा बघ की,” मास्तर हळूच म्हणाले. “नऊ आहेत. दुसऱ्या कोणाला नाहीत.”

भावाचं हसू मावळलं. “दादा, टेकडीवर लढली ती जुनी माणसं आता राहिलीत कुठे? आता आहेत ते सगळे नवखे. बंदूक खांद्यावर घेतली की वाकतात. आणि मी स्वतः पहिल्या तोफेला खंदकात ओकलोय.”

“झालं तुझं सुरू! लहानपणापासून स्वतःला कमी लेखायची खोडच आहे तुला.”

“खोड नाही रे, घाबरतो मी. समोरचेही घाबरतात. दरीत ते पळाले म्हणून तू त्यांना चार दिलेस ना? अरे, त्यांना प्यायला पाणी नव्हतं. आम्ही धरलेल्यांतला एकजण माझी बाटली बघूनच रडायला लागला. तोच माणूस पोटभर पाणी प्यायला की किती गुणांचा, सांग बघू.”

“पाणी माझ्या कोष्टकात नाही,” मास्तर म्हणाले. थट्टेने नाही, अगदी खरं सांगितल्यासारखं.

“मग मला कमी कर. पाच कर, चार कर.”

मास्तरांनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं. “एकदा केले होते तुझे कमी. आता नाही.”

गोष्ट अशी होती. शाळेत धाकटा मास्तरांच्याच वर्गात होता. शेवटच्या परीक्षेत तो गणितात काठावर होता. आपला तो बाब्या नि दुसऱ्याचं ते कार्टं, असं कोणी म्हणू नये म्हणून मास्तरांनी हात आखडता घेतला आणि सख्ख्या भावाला नापास केलं. त्याची पुढची वाट तिथेच बंद झाली. नोकरी मिळेना, तेव्हा तो सैन्यात गेला. मास्तरांच्या मनात ते काट्यासारखं सलत होतं. म्हणून हे नऊ. शाळेतला पेपर ते आता तपासत होते, आणि जन्मात पहिल्यांदाच मोकळ्या हाताने.

जाताना भाऊ म्हणाला, “आईला सांग, मी बरा आहे.” मग माझ्याकडे बघून, “हिच्याकडे लक्ष ठेव.”

पुढे नदीवरच्या पुलाची वेळ आली. त्या पुलाकडे तांबड्यांच्या तीन पलटणी निघाल्याची खबर आली. थोरले साहेब टेबलाशी आले. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी बोटाने हिशेब केला.

“चार गुणांच्या तीन, म्हणजे बारा. आपली नऊची एक. समोर नदी आडवी, म्हणून दीडपट. साडेतेरा झाले. पुरेत. नऊवाली जाऊ दे एकटी.”

बाईंची काठी माझ्या पाठीला टेकली. तेवढ्यात मास्तरांनी झडप घालून मला मुठीत धरलं.

“साहेब, हे नऊ नाहीत.”

“म्हणजे?”

“तीन असतील. फार तर तीन. माणसं नवखी आहेत. तिथला कप्तान माझा धाकटा भाऊ आहे, म्हणून मी...” मूठ इतकी घट्ट झाली की माझा जीव गुदमरला. खोलीत कोणी हसलं नाही.

मला वाटलं, साहेब रागावतील, मास्तरांना हाकलून देतील आणि पलटण वाचेल. पण साहेब रागावले नाहीत. ते पुन्हा बोटाने मोजू लागले.

“तीन. बरं, मग पाचवाली द्या जोडीला. तीन नि पाच आठ. दीडपट बारा. बाराला बारा, बरोबरी झाली. दोन्ही जाऊ देत. मास्तर, आधी आकडा दुरुस्त करा. टेबलावर चूक नको.”

“साहेब, मलाही जाऊ द्या तिथे,” मास्तर म्हणाले.

“तुम्ही गेल्याने बेरीज वाढते का?” साहेब शांतपणे म्हणाले आणि नकाशाच्या दुसऱ्या टोकाला गेले.

मास्तरांनी कुंचला उचलला. नऊवर निळ्या रंगाचा हात फिरवला, वर पांढरा तीन काढला. तीनचं शेपूट वाकडं आलं. रंग ओला असतानाच काठीने मला पुलावर ढकललं. पाचवाली माझ्या अंगाला अंग लावून उभी राहिली.

त्यानंतर दिवसभर बाई फोनवर ऐकत होत्या आणि अधूनमधून एकेक वाक्य मोठ्याने सांगत होत्या. तांबडे आले. थांबले नाहीत. पुन्हा आले. पुलाच्या अलीकडची गावं त्यांचीच होती, गेल्या वर्षी आपण घेतलेली. माणूस घरी जायला निघाला की त्याचे गुण किती धरायचे, तेही कोष्टकात नव्हतं. ते चार नव्हतेच. आणि आमचे नवखेही तीन नव्हते, कारण ते संध्याकाळपर्यंत टिकले. तोफेचा आवाज टेबलापर्यंत येत नाही, तरी मी हादरत होते. बाईंचा चेहरा बघून मला सगळं कळत होतं.

आधी पाचवाली उचलली. मग एक तांबडी उचलली. मग मला. डब्यात पडले तर शेजारी तीच तांबडी, अर्ध्या गाठीची. तिच्याही अंगाला कंप सुटल्यासारखा वाटला. वरून मास्तरांचा आवाज आला, “कप्तानाचं काय?” बाईंनी फोन खाली ठेवला. मग म्हणाल्या, “परत आलेल्यांत नाहीत ते.”

युद्ध संपलं तेव्हा डबा कोणालाच नको होता. मास्तरांनी मला तेवढं काढून कोटाच्या खिशात टाकलं आणि घरी नेलं. मला ठेवायचं कुठे, ते त्यांना सुचलं नसावं. मी खिशातच राहिले. कोट धुवायला काढताना त्यांच्या आईच्या हाती लागले.

“हे रे काय?”

मास्तर खुर्चीतून उठले. “धाकट्याची पलटण. टेबलावर अशी ठेवत असू.”

आईने मला पदराने पुसलं. म्हाताऱ्या बोटांनी चाचपलं, डोळ्यांजवळ धरलं.

“आणि हा आकडा?”

“गुण.”

“कोणी दिले?”

“मी.”

“कितीपैकी?”

“दहापैकी.”

मला घाम फुटता तर तेव्हा फुटला असता. मनात म्हणत होते, बोला ना मास्तर, खाली नऊ आहेत म्हणून सांगा! मास्तर कोटाची घडी घालू लागले.

आईने आकड्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, “तिथेही नापासच केलंस का रे त्याला?”

तेव्हापासून मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी आहे. आकड्याची बाजू आईने भिंतीकडे केली आहे. मायलेक एका घरात राहतात, एका ताटलीतली भाकरी मोडून खातात, पण त्या दिवसानंतर धाकट्याचं नाव दोघांच्या तोंडी आलेलं नाही. शेजारचे कधी येतात, चहा पिता पिता वाद घालतात, या युद्धात कोणतं सैन्य सरस होतं, कोणाचा शिपाई खरा मर्द. उचलली जीभ नि लावली टाळ्याला. मास्तर तेव्हा उठून बाहेर जातात. मी फळीवर अंग चोरून बसते.

तुम्ही कधी त्या घरी गेलात तर एक करा. माझ्या डोक्यावरचा रंग नखाने खरवडा आणि आईला दाखवा, की तीनच्या खाली नऊ आहेत. तिच्या मोठ्या मुलाने धाकट्याला भरभरून दिलं होतं.

की नकोच? नऊ बघून ती आधी खूश होईल. डोळे पुसेल. मग तिला प्रश्न पडेल, नऊ होते म्हणूनच का त्याला तिथे उभा केला? मास्तरांना तो प्रश्न ऐकावा लागेल, आणि उत्तर ‘हो’ आहे.

नका दाखवू. मला काही सांगायचं नाही आणि कोणाला काही कळायलाही नको आहे. तुमचा हात फळीपर्यंत पोचत असेल तर मला गुपचूप उचला आणि चुलीत घाला. मी वाळलेलं लाकूड आहे, लगेच पेटेन.