बाद खेळाडू सोबत आणावा

नेतृत्व प्रशिक्षणाला येताना प्रत्येक क्रीडा विभागप्रमुखाने आपला एक बाद खेळाडू सोबत आणावा, असं परिपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, म्हणून मी केतकीला घेऊन गेलो. केतकी माझी मुलगी. तीन वर्षांपूर्वी, नववीत असताना, ती वारली.

शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत ती सापडली. मॅटच्या गुंडाळ्यांमागे भिंतीला पाठ लावून बसली होती. अंगात सात नंबरची जर्सी, उजव्या गुडघ्याला पट्टी. तिचं वय वाढलेलं नव्हतं, पण बाद झालेल्या गड्याचं वय कसं वाढणार? मी म्हटलं, "चल." ती म्हणाली, "हो, सर."

तिने सर म्हटलं याचं कुणाला नवल वाटेल, म्हणून सांगतो. ती पाचवीत माझ्या शाळेत आली त्याच दिवशी मी तिला बजावलं होतं: घरी बाबा, मैदानावर सर. शाळेत शिकवणारे बरेच आईबाप असं करतात. मी जरा जास्तच केलं. सरांची पोरगी म्हणून संघात घेतली, असं कुणी म्हणू नये यासाठी इतर मुलींना दोन फेऱ्या असल्या तर तिला तीन. ती कबड्डी खेळायची आणि चढाईला जिल्ह्यात तिच्या तोडीची मुलगी नव्हती. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

सकाळी घरून निघण्याआधी कुंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, दोन डबे भरून दिले होते. दुसऱ्या डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि दही घातलं होतं, कारण केतकीला भाजीबरोबर पोळी उतरत नसे. कुंदा जोत्यावर उभी राहून म्हणाली, "संध्याकाळी तिला घरी आणणार ना?"

"परिपत्रकात परत आणण्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

"न आणण्याबद्दल लिहिलंय का?"

"नाही."

"मग आणा. मला बघू तरी द्या हो तिला." ती एवढंच म्हणाली. पोरगी गेल्यावर नेतृत्व शिकायला निघालाय, बैल गेला नि झोपा केला, असं तिने तोंडावर म्हटलं नाही. तिच्या जागी मी असतो तर म्हटलं असतं.

मोटरसायकलवर केतकी माझ्या मागे बसली. तिचं वजन लागत नव्हतं. गतिरोधक आला की मी हात मागे नेऊन चाचपून बघायचो. गार गुडघा लागला की पुढे जायचो.

जिल्हा क्रीडा संकुलाच्या हॉलमध्ये आम्ही चाळीसजण होतो आणि मागच्या भिंतीशी लांबलचक बाकावर आमचे चाळीस बाद खेळाडू. सगळेच वारलेले नव्हते. कवठ्याच्या चौगुले सरांची रेश्मा जिवंत होती, इचलकरंजीत नांदत होती. दहावीत असताना तिचं लग्न लावून दिलं होतं. पण हजेरीपटात दोघींच्या नावापुढे एकच शेरा होता, बाद, आणि तो बरोबरच होता.

प्रशिक्षक म्हणून पुण्याहून दातार मॅडम आल्या होत्या. गळ्यात शिट्टी, हातात रिमोट. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "फक्की कोण चांगली मारतं?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्याइतकी सरळ रेषा दोरी न लावता कुणी मारत नाही, हे मी स्वतः सांगायची गरजच नव्हती. मी चुन्याची फक्की घेतली आणि हॉलच्या फरशीवर कबड्डीचं मैदान आखून दिलं. बाक मी रेषेच्या आत घेतला. तो बाहेर ठेवायला हवा होता हे मला तेव्हाही कळत होतं, पण रेषा इतकी सरळ चालली होती की मला थांबवेना.

"नियम तुम्हाला पाठ आहेत," मॅडम म्हणाल्या. "इथे प्रत्येकाने आपल्या नेतृत्वाबद्दल बोलायचं. गुण मिळाला की आपला खेळाडू जिवंत होईल. बोनस गुण मिळाला तर?"

"कुणी जिवंत होत नाही," आम्ही चाळीसजण एकसुरात म्हणालो.

चौगुले सर पहिले उठले. कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "मॅडम, माझं नेतृत्व बितृत्व काय न्हाई ओ. पोरीचं लग्न ठरलंय कळल्यावर तिच्या बापाला सांगायला गेलतो, की पोरीला खेळू दे, शिकू दे. दारात मांडव घातलेला बघितला आणि तिथनंच माघारी आलो. आत गेलोच न्हाई. लई चुकलं माझं." आणि ते रडायला लागले. मोठा माणूस तो, मुलांना छडीने बडवणारा. आम्ही खाली बघत बसलो.

मॅडमनी एक बोट वर केलं. गुण. बाकावरची रेश्मा खोकली. तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र नाहीसं झालं. ती उठली आणि चौगुल्यांच्या शर्टाची बाही ओढून म्हणाली, "सर, दहावीचा फॉर्म भरायचा राहिलाय माझा. आज शेवटची तारीख हाय." चौगुले तिचा हात धरून जवळजवळ पळतच गेले.

माझी पाळी आली. चौगुल्यांनी काय केलं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. हातच्या कंकणाला आरसा कशाला? तरी मी उभा राहिलो, छाती पुढे काढली आणि म्हणालो, "मैदानावर नातं नसतं. माझी स्वतःची मुलगी मला मैदानावर सर म्हणायची." टाळ्या पडल्या. मॅडमनी अंगठा वर केला. बोनस.

पुन्हा पाळी आली तेव्हा मी वक्तशीरपणावर बोललो. बोनस. नंतर संघभावनेवर, मग पराभव पचवण्यावर. दुपारच्या चहापर्यंत माझे अकरा बोनस झाले होते, सगळ्यांत जास्त, आणि माझं नाव फळ्यावर सर्वांत वर होतं. बाक रिकामा होत चालला होता. कुणी आपला गोळाफेक्या घेऊन गेलं, कुणी लंगडीतली मुलगी. जाताना प्रत्येकजण माझ्याशी हस्तांदोलन करून म्हणायचा, "सोनटक्के सर, तुम्ही फार छान बोलता."

साडेचारला बाकावर केतकी एकटी उरली होती. हॉलमध्ये मी आणि दातार मॅडम. मॅडम माझं प्रमाणपत्र लिहीत होत्या.

"अजून एकदा बोलू का?" मी विचारलं.

"बोला."

"तालुक्याची उपांत्य फेरी होती," मी म्हणालो. "शेवटची दोन मिनिटं होती. ही रेषेपाशी आली आणि म्हणाली, सर, छातीत कळ येतेय, बसू का? आदल्या आठवड्यात एका मुलीच्या पोटरीत गोळा आला तर मी तिला लिंबूपाणी देऊन बसवलं होतं. दुसरी कुणीही असती तर बसवलं असतं. हिला म्हणालो, एक चढाई कर, मग बस. ती माझी मुलगी होती म्हणून म्हणालो."

"पुढे?"

"तिने दोन गडी टिपले. मध्यरेषेला हात लावला आणि उठली नाही. पंचांनी दोन गुण दिले. नियमात बसत होते. आम्ही एका गुणाने जिंकलो. तिने बाबा अशी हाक मारली असती तर मी थांबवलं असतं. ती मारणार नव्हती. तसं मीच तिला शिकवलं होतं. मी माझ्या पोरीला मारलं, मॅडम."

मॅडमनी लिहिणं थांबवून एक बोट वर केलं.

केतकीच्या कपाळावर घाम आला. तिने गुडघ्याची पट्टी वर ओढली, श्वास घेतला. तिच्या जर्सीला आंबूस वास येऊ लागला, सरावानंतर यायचा तसा. मी धावत जाऊन तिचा दंड धरला. दंड गरम होता. तीन वर्षं मी त्या उबेसाठी तडफडलो होतो, आणि आता मला तो नीट धरता येईना.

"केतू," मी म्हणालो, "चल घरी."

"हो, सर."

"आता सर नाही. बाबा म्हण."

तिने पायाखाली पाहिलं. "आपण मैदानावर आहोत, सर."

मी मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "खेळाडू जिवंत झाली आहे. अभिनंदन. मैदान तुम्ही आखलंय." त्यांनी प्रमाणपत्र माझ्या खिशात घातलं, दिवे बंद केले आणि त्या गेल्या.

मी खाली बसलो आणि रुमालाने रेषा पुसायला लागलो. फक्की पुसली तर जात नाही, पसरते, हे पंचवीस वर्षं फक्की मारणाऱ्या माणसाला माहीत असायला हवं. मी पुसली तिथे फरशी पांढरी झाली आणि रेषा हातभर पुढे सरकली. मी तिथे पुसली. ती दारापर्यंत गेली. केतकी हात मागे बांधून शांतपणे उभी होती. मैदान तयार होईपर्यंत मुली उभ्या राहतात तशी.

शेवटी मी तिला रेषेबाहेर न्यायचं ठरवलं. गाडी तिथेच सोडली, कारण गाडीच्या चाकांपुढे रेषा जास्त जोरात पळत होती. आम्ही चालत निघालो. संकुलाचं फाटक, बसस्टँड, रसवंती, नगरपालिकेचा दवाखाना. प्रत्येक ठिकाणी मला वाटायचं, ते बघ, तिथे संपतंय. तिथे पोचावं तर रेषा आमच्यापुढे दहा पावलं, सरळ, एवढीशीही वाकडी नाही. दवाखान्यापाशी मी पुन्हा म्हणालो, "केतू, एकदा. हळू म्हण. कुणी ऐकत नाही."

"पंच ऐकतात, सर," ती म्हणाली.

तिला आता भूक लागली होती. तिने तसं सांगितलं नाही, पण तिच्या पोटातला आवाज मला येत होता. डबा काढून द्यावा म्हटलं तर तो गाडीलाच राहिला होता. मी रस्त्यात उभा राहून लहान मुलासारखा रडलो. ती माझं रडणं संपेपर्यंत सावधान उभी राहिली.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. रेषा अंगणातून जोत्यावर चढली होती, उंबरा ओलांडून आत गेली होती आणि ओट्यापाशी वळून परत आली होती. पावलांचा आवाज ऐकून कुंदा बाहेर आली. हाताला पीठ होतं. केतकीला बघून तिने दोन्ही हात पुढे केले.

केतकी दाराबाहेर थांबली, टाचा जुळवल्या आणि म्हणाली, "बाई, आत येऊ का?"

कुंदाचे हात तसेच राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या चुन्याने पांढऱ्या झालेल्या गुडघ्यांकडे पाहिलं, जमिनीवरची रेषा पाहिली. तिला मी काहीच सांगितलं नाही. तिने हात पदराला पुसले, डोळे पुसले, आणि वर्गावर बाई बोलतात तशा आवाजात म्हणाली, "ये. बस तिथे."

केतकी आत गेली आणि पाटावर बसली. मी दारातच राहिलो.

"नाव काय तुझं?" कुंदाने विचारलं.

"केतकी रघुवीर सोनटक्के."

"छान नाव आहे. घरी कोण कोण असतं?"

"आई असते. बाबा असतात."

कुंदा पाठमोरी झाली. तव्यावरची पोळी उतरवली, ताटात चटणी वाढली, दही वाढलं, आणि ताट घेऊन तिच्यासमोर आली. "भूक लागली असेल. जेवून जा हं."

केतकीने ताटाकडे पाहिलं. तिला ते हवं होतं, मला दारातून दिसत होतं. मग ती उठली आणि जर्सी खाली ओढून नीट केली.

"नको, बाई," ती म्हणाली. "उशीर झालाय. आई वाट बघत असेल."

ती माझ्या बाजूने बाहेर पडली आणि रेषेवरून चालायला लागली. कुंदा स्वयंपाकघरात ताट पुढे धरून उभी होती.