नूरभाईची मोटार आणि मधला मुखरू

मुखरू लोनबलेची मुलगी पुनम एकाच गोष्टीवर अडून बसली होती. मांडव लहान घाला, वाजंत्री नसली तरी चालेल, पण नागभीडला सासरी जायचं ते नूरचाचाच्या मोटारीतूनच. ती फ्रॉक घालायची तेव्हा नूर मोहम्मदने तिला त्या मोटारीत बसवून सिंदेवाहीच्या बाजारातून फिरवलं होतं आणि 'तुझी पाठवणी याच गाडीत करीन' असं म्हटलं होतं. मागच्या पावसाळ्यात नूर मोहम्मद गेला. मोटार मात्र त्याच्या गॅरेजमागच्या टिनाच्या शेडमध्ये तशीच उभी होती. कुण्या जंगल ठेकेदाराकडून आलेली, काळी, वाटोळ्या मडगार्डची विलायती गाडी. नावाची पट्टी कधीच गळून पडलेली, त्यामुळे ती नेमकी कोणत्या कंपनीची यावर गावात आजवर एकमत झालं नव्हतं.

लग्न परवावर आलं तसा मुखरू सकाळीच सिंदेवाहीला गेला. नूर मोहम्मदची दोन्ही पोरं शेडमध्ये हजर होती, हे पाहून त्याला बरं वाटलं. ते बरं वाटणं फार वेळ टिकलं नाही.

थोरला आरिफ गॅरेज चालवायचा. धाकटा मोहसीन मोहर्लीला जंगल पाहायला येणाऱ्या पर्यटकांची जिप्सी चालवायचा. बापाच्या माघारी मोहसीनने या मोटारीचं टप कापून तिला जंगलात फिरवायची उघडी गाडी करायचं काढलं होतं. आरिफ म्हणाला होता, आधी माझी मान काप. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. ईदला गळाभेट झाली, तीही मुकाट्याने. पुनमच्या पाठवणीसाठी मात्र दोघे न बोलावता आले होते, कारण तो शब्द अब्बांचा होता.

"मुखरूभाऊ," आरिफ बॉनेटमध्ये वाकल्या वाकल्या म्हणाला, "त्याले सांगा, हँडल मार म्हनून."

मोहसीन गाडीच्या नाकापाशी, आरिफपासून हातभर अंतरावर उभा होता. मुखरूने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"आयकलं ना त्यानं," तो म्हणाला.

"मले काई आयकू नाई आलं," मोहसीन म्हणाला.

मुखरूने उसासा टाकला. "आरिफ म्हन्ते, हँडल मार."

गाडीचा सेल्फ नूरभाईच्या हयातीतच गेला होता. पुढून हँडल घालून फिरवावं तेव्हा ती सुरू व्हायची. मोहसीनने हँडल मारलं. इंजिनाने एक लांब सुस्कारा सोडला आणि ते गप्प झालं. पुन्हा मारलं, पुन्हा तेच.

"त्याले सांगा, करंट पाह्य म्हना. प्लगले करंट नसन भेटून राह्यला."

"त्यालेच सांगा, पेट्रोल पाह्य म्हना. कार्बोरेटर कचऱ्यानं भरला असन."

दोघांचे शिकवणारे वडील एकच, पण आरिफचा विश्वास विजेवर आणि मोहसीनचा पेट्रोलवर. आरिफने एका प्लगची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली. मुखरूने मधल्यामध्ये निरोप पोचवला, मोहसीनने हँडल मारलं, आणि वायरीच्या टोकाशी निळी ठिणगी टचटच उडाली. करंट होता. मोहसीनचा चेहरा इतका उजळला की आरिफने पान्हा आपटला. मग मोहसीनने कार्बोरेटर खोलला. आत पेट्रोल स्वच्छ, काठोकाठ. आता उजळायची पाळी आरिफची होती.

करंट होता, पेट्रोल होतं आणि गाडी सुरू होत नव्हती.

मुखरूच्या डोक्यात मांडवासाठी आणायच्या लाकडी बल्ल्या घुमत होत्या. आचारी यायचा होता. व्याह्याने मानपानाचं काही सांगून पाठवलं होतं, त्याचं उत्तर द्यायचं होतं. आणि तो इथे टिनाखाली, चंद्रपूरकडच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात, दोन जाणत्या माणसांमध्ये टपालासारखा फिरत होता. सुरुवातीला त्याने निरोप जसेच्या तसे दिले, मग तो त्यांत काटछाट करू लागला. "त्याले सांगा, जिप्सी चालवनं आन गाडी समजनं येगळं हाये" हा निरोप त्याने "आरिफ म्हन्ते, जरा थांब" असा करून पोचवला. "त्याले सांगा, अब्बांनी त्याले कधी कार्बोरेटरले हात लावू देल्ला नाई" याचं त्याने "मोहसीन म्हन्ते, पानी पी" असं केलं. आरिफ खरंच पाणी प्याला. मुखरूला वाटलं, असंच रेटत नेलं तर निभेल.

मग आरिफने डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. प्लगांना ठिणगी वाटून देणारा तो डबा असतो. त्याने डबा नुसता धरला तर तो हातात गर्रकन फिरला.

"हे कोनं ढिलं केलं?"

"त्याले सांगा," मोहसीन दुसरीकडे पाहत म्हणाला, "मागच्या जुम्म्याले मी ठिणगीची टायमिंग बसवली होती. चुकीची होती म्हनून."

"चुकीची? मी बसवलेली होती ते. आन परवा मी पुन्हा जागेवर आनली."

"काल मी आलो तं पुन्हा चुकीची दिसली. स्क्रू कसायचा राह्यला असन माह्याकडून."

मुखरूला सगळं कळलं. दोघांकडेही शेडची चावी होती. दुसरा नसेल ते पाहून दोघेही येत होते आणि एकाने बसवलेलं दुसरा हलवून जात होता. ठिणगी होती, पण ती भलत्याच वेळी पडत होती. गाडीला काहीच झालं नव्हतं. जे झालं होतं ते या दोघांना झालं होतं.

"बस झालं," तो म्हणाला आणि शेडच्या दाराशी पडलेल्या टायरवर जाऊन बसला. "मी आता कोनाचं कोनाले सांगत नाई. माह्या पोरीचं लगन हाये. मी भाड्याची ट्रॅक्स पाह्यतो."

पण तो उठला नाही, आणि ते दोघेही हलले नाहीत. शेवटी आरिफने डबा दोन्ही हातांनी धरला आणि अंदाजाने किंचित फिरवला. मोहसीनने हँडल हातात घेतलं. टायमिंग बसवायची तर एकाने फिरवायचं, दुसऱ्याने त्याच क्षणी हँडल मारायचं. बोलल्याशिवाय ते जमत नाही. ते दोघे न बोलता जमवू पाहत होते. मोहसीनने अंगात होता नव्हता तेवढा जोर काढून हँडल ओढलं, आरिफने डबा जरा जास्तच पुढे नेला, ठिणगी वेळेआधी पडली आणि हँडल उलटं फिरून मोहसीनच्या मनगटावर बसलं.

"मोहसीन, हात छोड!" आरिफ ओरडला. उशीर झाला होता.

मोहसीन जमिनीवर बसला. मनगट बघता बघता सुजलं. आरिफ त्याच्यासमोर उकिडवा बसला, हात धरावा की नाही ते त्याला कळेना.

"अंगूठा ऊपर रखा था? अब्बा ने कितनी बार बताया था," तो म्हणाला.

"तू घुमाया कायकू इतना?" मोहसीन कळवळत म्हणाला.

दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. गॅरेजची स्कूटर खोललेली होती, रस्त्यावर रिक्षा दिसत नव्हती. मुखरू उठला. शेतावरच्या डिझेल पंपाचं हँडल त्याने उभी हयात मारलं होतं. त्याने अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल धरलं. आरिफने डबा मागे घेतला. जमिनीवरून मोहसीन सांगत होता, "और पीछे. थोडा और. बस."

मुखरूने हँडल ओढलं. इंजिन खोकलं, थरथरलं, आणि धूर सोडत चालू झालं.

दवाखान्यापर्यंतच्या वाटेवर दोघे भाऊ पुढे बसून भांडले. टपावरून, टायमिंगवरून, अब्बांच्या शेवटच्या दिवसांवरून. वर्षभराचं सगळं साचलेलं होतं. मागे बसलेल्या मुखरूला वाटलं, मघाचं बरं होतं, निदान निरोप तरी कापता येत होते. हाडाला बारीक चीर होती. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, तेव्हाही दोघांचं चालूच होतं.

लग्नाच्या दिवशी मोटार वेळेवर आली. मुखरूने पहिली गोष्ट सांगितली ती ही की ती बंद करायची नाही. नवरदेव आला, अक्षता पडल्या, पंगती उठल्या, गाडी मांडवाबाहेर फुरफुरत राहिली. मोकळी सोडली की ती मरायची, म्हणून मोहसीन प्लास्टरचा हात गळ्यात बांधून आतच बसला आणि पायाने ॲक्सिलेटर धरून राहिला. शुभमंगलचे शब्द निम्म्या मंडळींना ऐकू आले नाहीत. व्याह्याने दोनदा तक्रार केली. पेट्रोल आणायला माणूस सायकलवर पाठवावा लागला.

पंगतीच्या वेळी मुखरू त्या आवाजाला वैतागून गाडीकडे गेला. आरिफ पत्रावळ घेऊन खिडकीपाशी उभा होता. मोहसीनचा उजवा हात कामाचा नव्हता आणि डाव्याने जेवणार नाही म्हणून तो अडून बसला होता. आरिफ वरण-भाताचा घास करून त्याच्या तोंडात कोंबत होता आणि कुरकुरत होता.

"ठीक से खा. पाँव मत हिला."

"पाँव नहीं हिलाया. तू घास छोटा बना."

मुखरू तसाच परत फिरला. मांडवात पुनम सासरी जायच्या विचाराने रडत होती, आणि तिच्या रडण्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये इतका त्या मोटारीचा आवाज होता.