इत्तोच्या घरची भाकरी

सायकलवरून पाहुण्यांना ॲटलसचे डोंगर हिंडवणारा बासू अशा थापा मारायचा, की देवदाराच्या रानातली माकडं म्हणे त्या ऐकायला रस्त्याकडेला येऊन बसत. एकदा घाट उतरताना त्याची सायकल एवढी सुसाट सुटली, की त्याची सावली दुसऱ्या दिवशी दुपारी धापा टाकत मुक्कामी पोचली. तिला पाणी पाजावं लागलं.

पण त्या वसंतातल्या फेरीत बासूचं थापांत मन नव्हतं. त्याचा थोरला भाऊ हम्मू, फेसच्या जुन्या शहरात चामड्याच्या पिशव्या शिवणारा, महिनाभर अंथरुणाला खिळला होता. सहल फेसलाच संपायची होती. थोरल्याला डोळे उघडे असताना भेटावं, एवढंच बासूला हवं होतं.

"पाहुण्यांना वाटेत टाकून येऊ नकोस," हम्मू फोनवर म्हणाला होता. "मी कुठं पळून जातोय? तेवढं बळ असतं तर तुला फटकवायलाच आलो नसतो का?"

शेवटच्या दिवशी सकाळी बासू पाच पाहुण्यांना घेऊन रानाच्या टोकाला इत्तोच्या घरी थांबला. दर फेरीला तिथं न्याहारी ठरलेली: तव्यावरची गरम जवाची भाकरी, लोणी, ऑलिव्हचं तेल. बासू दिसला की म्हातारी शिव्यांनीच स्वागत करायची. आज तिनं मुकाट्यानं त्याच्या हातांवर पाणी घातलं, भाकरी मोडून पुढ्यात ठेवली.

"खा, बाळा."

"बाळा?" बासू हसला. "इत्तोमावशी, वीस वर्षांत 'गाढवा'च्या वर गेला नाहीत तुम्ही."

"आधी खा रे. मग बोलू."

बासूचा हात भाकरीपाशीच थांबला. त्या डोंगरात मरणाची बातमी उपाशी माणसाला सांगत नाहीत. आधी त्याच्या पोटात चार घास जाऊ द्यायचे, मग तोंड उघडायचं. बासूनं स्वतः किती जणांपुढं अशी भाकरी ठेवली होती!

तो ताडकन उठला. "भूक नाही मला."

"एकच घास."

"पोट बिघडलंय."

त्यानं शिरस्त्राण चढवलं, पाहुण्यांना हाकारलं. तो खाणार नाही तोवर कुणी सांगणार नाही. आणि कुणी सांगत नाही तोवर हम्मू तिकडं फेसमध्ये उशीला टेकून खोकत असेल, तुद्दाभाभीवर खेकसत असेल. बासूचा हिशेब एवढा साधा होता.

सामानाची गाडी चालवणाऱ्या बनासरला इत्तोनं मागच्या दाराशी गाठून सगळं सांगितलं. सकाळीच तुद्दाचा फोन आला होता, हम्मू पहाटेच गेला. धाकट्यासाठी माती तिसऱ्या प्रहरच्या नमाजापर्यंत थांबवणार होते, त्यापुढं नाही. पाहुणे तिच्याकडं ठेवून बासूला गाडीतून नेलं, तर दीड तासाचं काम. पण बासू केव्हाच रस्त्याला लागला होता. इत्तोनं भाकरी फडक्यात बांधून बनासरच्या हाती दिली.

मग सगळ्या उतारावर एक तमाशा चालला. पुढं बासूची सायकल, शेजारी गाडी, आणि खिडकीतून बाहेर आलेला भाकरीचा हात.

"बासूदादा, गाडीत बस की. पाहुणे थांबतील इत्तोकडं."

"का? काय झालं?"

उपाशी माणसाला ते सांगायला बनासरची जीभ रेटेना. "काही नाही... तू आधी खा ना."

"मग पुढं हो. वारा अडवू नकोस माझा."

दुपारी पाहुणे झाडाखाली जेवायला बसले. बासू लांब उभा राहिला. मारये नावाच्या हॉलंडच्या बाईंनी खजूर पुढं केले. "रमजान तर नाही ना?"

"आमच्या घराण्याची रीत आहे, बाई," बासू म्हणाला. "सात वर्षांतून एक दिवस पोट बंद ठेवायचं. आजोबा विसरले, तर रानातले देवदार चालायला लागले. तीन गावं ओलांडून गेल्यावर सापडले."

बाकीचे खो खो हसले. मारयेबाईंनी खजूर हळूच पिशवीत ठेवले, कारण हे सांगताना बासू एकदाही हसला नव्हता.

फेसच्या निळ्या वेशीपाशी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. सायकल भिंतीला टेकवून बासू गल्ल्यांतून पळत सुटला. गाढवं, टोपल्या, लोक, कशाचंच भान त्याला नव्हतं. हम्मूच्या दारात तुद्दा उभी होती, विधवेच्या पांढऱ्या कपड्यांत.

"भावजी, थांबवलं होतं हो आम्ही," ती म्हणाली. "दुपारपासून सगळे म्हणत होते, येईल, आत्ता येईल. इत्तोनं सांगितलं नाही तुम्हाला?"

"भाकरी वाढली होती तिनं."

"मग?"

"मी खाल्ली नाही."

तुद्दाही त्याच डोंगरातली. तिला पुढं काही विचारावं लागलं नाही.

"कधी नेलं?"

"तास होऊन गेला."

बासू कबरस्तानाच्या चढाला वळला. ती गल्ली इतकी अरुंद, की समोरून माणसं आली तर एकानं भिंतीला चिकटावं लागतं. समोरून माणसं येत होती, फावडी घेतलेली, रिकाम्या जनाज्याला खांदा दिलेली. बासू भिंतीला चिकटून उभा राहिला. त्यांनी त्याला ओळखलं. एकेक जण थांबून त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, पुढं जायचा. त्यांच्या हातांची ओली माती त्याच्या सदऱ्याला लागत होती.


शेवटचा माणूस गेला, गल्ली मोकळी झाली, तरी त्याला भिंतीपासून सुटता येईना.