डावा साचा

हरताळाच्या दिवशी डिलाईल रोडवर अशी शांतता पसरली की विचारू नका. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरण्या बंद, ट्राम बंद, सकाळचा भोंगासुद्धा नाही. लोक आपोआप हळू बोलत होते, मयताच्या घरी बोलतात तसे.

आणि त्या शांततेत सीताराम परबाला साचा चालू असलेला ऐकू येत होता.

साचा म्हणजे मिलमधला कापड विणायचा माग. एका विणकराकडे दोन. सीतारामाने त्या दोघांवर उभा जन्म काढला, आणि म्हातारपणी मुकादमाचे पाय धरून दोन्ही साचे मुलाच्या, रघुवीरच्या, हवाली केले. त्यातला डावा लंगडा. खटाक-खटाक चालायचा, मधेच अडखळायचा, पुन्हा खटाक-खटाक. शेकडो साच्यांत सीतारामाने तो ओळखला असता. आज तोच चालू होता.

आणि रघुवीर पहाटेपासून घरात नव्हता.

हरताळ मोडून कामावर गेलेल्याच्या घरी गिरणगावात पाणी कोण पिणार? म्हाताऱ्याने बायकोला बजावलं, "सुभद्रे, तो आला तर भाकरी वाढू नकोस. मिलमध्ये साचा चालवतोय तो."

"अहो, मला तर काहीच ऐकू येत नाही."

"तुला काय कळतंय साच्यातलं?"

हट्टी माणूस, काय बोलणार? शेजारच्या चिंतामणीला, म्हणजे मिलमधल्या आपल्या जुन्या जोडीदाराला, घेऊन तो तडक मिलवर गेला. चिंतामणी वाटेत एकदाच म्हणाला, "मला नाही येत रे साचा ऐकू." त्यावर सीतारामाने पाय आणखी उचलला.

दरवान ओळखीचा. "अंदर चिडिया भी नहीं है, दादा. देख लो," म्हणत त्याने फाटकातला दिंडी दरवाजा उघडला.

साचेखात्यात छपराच्या काचांतून मळकट उजेड येत होता. रांगाच्या रांगा साचे मुकाट उभे. अर्धवट विणलेलं कापड तसंच ताणलेलं, त्यावर कापसाची धूळ बसलेली. सीताराम आपल्या डाव्या साच्यापाशी गेला. आडवा धागा नेणारा धोटा एका कडेला पडून होता. त्याने लोखंडावर हात ठेवला, तर ते गार. अन् तरी साचा चालूच होता. खटाक-खटाक, अडखळ, खटाक-खटाक. त्याने दोन्ही कानांत बोटं घातली, तसा आवाज जवळ आला, अगदी डोक्याच्या आत.

"तुझाही आला म्हणायचा," चिंतामणी मागून म्हणाला.

"काय आला?"

"आवाज. माझ्या कानात शंख आहे. आपल्या खात्यातल्या बाबुरावाच्या कानात रातकिडे. नळ्यांवर सूत भरायच्या खात्यातल्या राधाबाईला कोणीतरी शीळ घालतंय, ती बिचारी लाजेने बोलत नाही. डॉक्टर म्हणाला, उतारवयात पुष्कळांना होतं. त्यात गोंगाटात काढलेला जन्म, वर हिवतापावर गिळलेलं कोयनेल. एरवी मिलच्या आवाजात बुडून जातं. आज उघडं पडलं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"भूत लागलंय म्हणाले असते. तू काय वेगळं म्हणाला असतास?"

सीताराम घरी आला तेव्हा रघुवीर रिकाम्या ताटासमोर बसला होता. मोर्च्यातल्या घोषणांनी घसा बसलेला, सदरा धुळीने माखलेला. सुभद्रेने नवऱ्याचा शब्द पाळला होता, आणि पदराने डोळे पुसत होती.

म्हाताऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने स्वतः टोपली ओढली, भाकरी मुलाच्या ताटात ठेवली आणि सगळं सांगून टाकलं, लोखंड गार होतं तेही. म्हणाला, "चुकलो रे. म्हाताऱ्याचे कान, दुसरं काय."

रघुवीरचा हात भाकरीवरच थांबला.

"मधेच अडखळतो, तोच ना बाबा?"

सीतारामाने मान वर केली. पोराला अजून मिसरूडसुद्धा धड फुटलं नव्हतं.

"कधीपासून?"

"शिमग्यापासून. सांगणार होतो. पण तुम्ही म्हणाला असतात, कामचुकारपणा करतोस."

तो तसंच म्हणाला असता. बापलेक एका ताटापाशी बसून राहिले. बाहेर सगळं गप्प होतं, आणि दोघांनाही तो एकच साचा ऐकू येत होता.