कडू न कळणारी जीभ

मित्रांनो, मी जपानातल्या सेंदाई शहराच्या एका प्रयोगशाळेतला म्हातारा पांढरा उंदीर. आमच्या कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मल्या. वेळेवर दाणे, वेळेवर पाणी. जरासं कुरतडून थांबावं, बाधलं नाही तरच पुढे खावं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. गरजच काय होती!

शेजारच्या पिंजऱ्यात कुरो असतो. मासळी बाजारात पकडलेला रानटी उंदीर, काळपट आणि भारी शिष्ट. पाण्यात कडू थेंब पडला की तो तोंड फिरवतो. मी मात्र गटागटा पितो.

"आमची ही मंडळी फारच भोळी झालीत," आमच्यावर प्रयोग करणारे कुसाकाबे सर म्हणायचे. माझा भाऊ मेल्यावर त्यांनी त्याची जीभ भिंगाखाली धरली. कुरोच्या भाऊबंदांपेक्षा तिच्यावर चवीच्या कळ्या कमी निघाल्या. "आयतं खाणाऱ्याला राखणदार कशाला हवा?" सर हसले.

दर शरदात ही माणसं आमच्यातल्या मेलेल्यांसाठी अंगणातल्या दगडापुढे हात जोडतात, मोची, म्हणजे तांदळाचे चिकट गोळे, ठेवतात आणि मग तो प्रसाद वाटून खातात. यंदा थाळीतली मोची संपली. दगडाच्या पायाशी पानावर दोन उरल्या होत्या. आम्हाला सांभाळणाऱ्या चिनात्सुबाईंनी त्या मायेनं आत आणल्या.

"तुमच्याच माणसांचा प्रसाद, खा रे!"

एक कुरोला, एक मला आणि माझ्या लेकीला. लेक तुटून पडली. माझा वाटाही मी तिच्यापुढे सरकवला. कुरोनं कणभर चाखली आणि उरलेली भुशाखाली पुरून टाकली. मला हसू आलं. म्हटलं, मेल्याला प्रसादाचीही किंमत नाही!

तेवढ्यात होरिउची माळीकाका धापा टाकत आले.

"बाई, पानावरची मोची कुठंय? बाहेरचे उंदीर नैवेद्य पळवतात म्हणून मी तिच्यात विष घातलं होतं!"

"अहो काका, सांगायचं तरी!"

"आता मला काय ठाऊक, तुम्ही ती उंदरांनाच खाऊ घालाल!"

बाई रडत रडतच सरांना बोलवायला धावल्या. सरांनी लेकीला औषधाची सुई टोचली. "फार खाल्लंय हिनं. आता वाट बघायची," एवढंच म्हणाले. आम्हा उंदरांना उलटीसुद्धा होत नाही हो. पोटात गेलं ते गेलं. मी नुसता तिचं अंग चाटत बसलो आहे. दुसरं काय करू?

मित्रांनो, ज्याला पाळाल त्याच्यापुढे काय ठेवता ते आधी नीट बघा. तो तुमच्या भरवशावर तोंड उघडतो.

लेक आत्ताच जागी झाली. म्हणाली, "बाबा, अजून आहे का हो?"